'वितळजोडकाम' : शब्द चांगला, पण अपुरा

मराठी विश्वकोशात वेल्डिंगसाठी 'वितळजोडकाम' हा शब्द आहे. गोंदियाच्या राइस मिलमधील यंत्रांच्या दुरुस्तीत होणाऱ्या विद्युत वेल्डिंगला तो चपखल बसतो: दोन्ही कडा सुमारे 1500 अंश सेल्सिअसला वितळून एकजीव होतात. डाख देताना मात्र केवळ डाख वितळतो. हा भेद शब्दातच आला, हे त्याचे यश. पण लोहार भट्टीत तापवलेले दोन तुकडे ठोकून सांधतो, तेही वेल्डिंगच. तेथे लोखंड वितळत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या शब्दाने लक्ष फक्त वितळलेल्या भागावर राहते. सौम्य पोलादात कार्बन सुमारे 0.25 टक्क्यांपर्यंत असतो; धान वाहणाऱ्या ट्रकच्या कमानपाट्यात त्याच्या दुप्पट. असा पाटा आधी न तापवता जोडला, तर सांध्यालगतचा न वितळलेला पट्टा झपाट्याने निवतो, कठीण पण ठिसूळ होतो. मग सांधा शाबूत राहतो आणि पाटा शेजारी तुटतो.

कठीण म्हणजे सहजी चरा न पडणारे, चिवट म्हणजे घाव सोसणारे. दोहोंना 'मजबूत' म्हणून आपण मोकळे होतो. वर्गात हा फरक स्पष्ट झाला, तर उद्याचा वेल्डर आधी पोलाद ओळखेल, मग जोडेल.