स्पेंटवॉशचे जैव शुद्धीकरण : मोजमापाविषयी एक आक्षेप

मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशवर आपल्याकडे पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि साखर कारखान्यांच्या या प्रदेशात ते स्वाभाविकच आहे. निष्कर्षात बहुधा एखादी मोठी टक्केवारी असते. ती खोटी नसते. परंतु ती कशाची, हे क्वचितच विचारले जाते.

एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची रासायनिक प्राणवायू-मागणी लिटरला १,००,००० मिलिग्रॅम व जैव प्राणवायू-मागणी ५०,००० मिलिग्रॅम धरू. अवायुजीवी पाचकात पहिली सुमारे ६५ टक्क्यांनी, दुसरी ९० टक्क्यांनी घटते, आणि वर मिथेन मिळतो. हे यश लहान नव्हे. पण शिल्लक पाहावी : ३५,००० आणि ५,०००. दोहोंचे गुणोत्तर निम्म्यावरून एक-सप्तमांशावर आले. जंतूंनी सुपाच्य तेवढे खाल्ले, दुष्पाच्य ताटात ठेवले. म्हणजे शुद्धीकरण जितके यशस्वी, तितके उरलेले पाणी जंतूंना अधिक अवघड.

हे दुष्पाच्य द्रव्य मुख्यतः मेलॅनॉइडिन. शर्करा व अमिनो आम्ले यांच्या ज्या विक्रियेतून ते बनते, ती लुई मायार याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ब्रिटिश राजआयोगाने गावच्या मैलापाण्यासाठी पाच दिवसांची जैव परीक्षा सुचविली, हा एक योगायोग. आपल्याकडे ती २७ अंश सेल्सियसवर तीन दिवस चालते. तेवढ्या अवधीत जंतू ज्याला तोंड लावीत नाहीत, ते तिच्या हिशेबातच येत नाही. अशा परीक्षेवरून मेलॅनॉइडिनविषयी निर्वाळा देणे म्हणजे गैरहजर विद्यार्थ्यास उत्तीर्ण ठरविणे होय.

बुरशीने रंग घालविण्याचे प्रयोग यापेक्षा धीट आहेत, हे मान्य केले पाहिजे. लाकडातील लिग्निन फोडणारी बुरशी मेलॅनॉइडिनही फोडू शकते. तथापि पुष्कळ प्रयोगांत स्पेंटवॉश आधी पातळ केलेला असतो व त्यात ग्लुकोज घातलेले असते. लिटरमागे १० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे १०,७०० मिलिग्रॅम नवी रासायनिक मागणी. घाण काढण्यासाठी घातलेली ही घाण जमाखर्चात दिसावयास नको काय? शिवाय बुरशी द्रावण आम्लधर्मी करते आणि आम्लतेने हा रंग आपोआपच फिकट होतो. काही रंग तर बुरशीच्या तंतूंना नुसताच चिकटतो. तेव्हा मृत बुरशीचा तुलनापात्र, मोजणीपूर्वी सारखी केलेली आम्लता आणि ग्लुकोजसह मांडलेला कार्बनचा ताळेबंद, एवढे तरी प्रत्येक प्रबंधात परीक्षकांनी मागावे.

कारखाने या वादासाठी थांबलेले नाहीत. २००३ च्या केंद्रीय कृतिसनदेने स्पेंटवॉशच्या संपूर्ण विनियोगासाठी २००५ अखेरची मुदत घातली. पुढे अनेकांनी तो आटवून बॉयलरमध्ये जाळण्याचा मार्ग धरला. तेथे मेलॅनॉइडिन हे केवळ एक जळण आहे.