लेनीचं माप

जॉन स्टाइनबेक यांची 'ऑफ माइस अँड मेन' ही छोटीशी कादंबरी १९३७ साली आली. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या काहीजणींनी ती वाचलीही असेल. कॅलिफोर्नियातल्या मळ्यांवर काम शोधत फिरणारे दोन मजूर. जॉर्ज चलाख. लेनी अंगाने धिप्पाड, पण बुद्धीने लहान पोरासारखा. मऊ वस्तू कुरवाळायची त्याला भारी हौस, आणि आपल्या हातात किती जोर आहे याची कल्पनाच नाही. त्या हातांखाली आधी उंदीर मरतो, मग कुत्र्याचं पिल्लू, शेवटी मालकाची सून. माणसं त्याला मारायला निघतात, तेव्हा जॉर्जच नदीकाठी त्याला स्वप्नातल्या शेताची गोष्ट सांगत मागून गोळी घालतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, मलाही आलं.

पण या लेनीचं पुढे भलतंच झालं. तो पुस्तकातून उठून थेट कोर्टात जाऊन बसला.

२००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ॲटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया' या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की, बौद्धिक अपंगत्व असलेल्या गुन्हेगाराला देहदंड देणं ही घटनेला मंजूर नसलेली क्रूर शिक्षा आहे. अशा माणसाचा दोष कमी धरावा, शिवाय तो न केलेला गुन्हा कबूल करून बसण्याचा धोका असतो, वकिलाला नीट मदत करू शकत नाही, हेही न्यायमूर्तींनी लिहिलं. मात्र हे अपंगत्व कुणाला आहे, हे ठरवायची रीत त्यांनी राज्यांवर सोपवली.

टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने २००४ साली 'ब्रिसेनो' खटल्याच्या निकालात ही रीत ठरवताना चक्क लेनीचं नाव घेतलं. स्टाइनबेकच्या लेनीला सूट मिळावी असं बहुतेक टेक्सासवासियांना वाटेल, असा त्याचा भाव. मग सात प्रश्न दिले. हा माणूस बेत आखू शकतो का? स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलू शकतो का, गोष्ट लपवू शकतो का? विचारलेल्याचं सरळ उत्तर देतो का? जवळच्या माणसांना लहानपणी तो मंद वाटायचा का? असेच आणखी.

माझं म्हणणं असं की, या कोर्टाने कादंबरीसुद्धा नीट वाचली नाही. लेनी खोटं बोलतो. पहिल्याच प्रकरणात मेलेला उंदीर खिशात लपवून 'काही नाही' म्हणतो. पिल्लू मेल्यावर ते गवतात पुरतो, आणि जॉर्जला 'मला मेलेलंच सापडलं' असं सांगावं का, याचा विचार करतो. जॉर्ज रागावला की 'मी डोंगरात गुहेत जाऊन राहतो' म्हणून त्यालाच विरघळवतो. काही वाईट घडलं तर नदीकाठच्या झुडपांत लपायचं, हे ऐन वेळी त्याला बरोबर आठवतं. त्या सात प्रश्नांपुढे उभं केलं असतं तर लेनी स्वतः नापास झाला असता! कोर्टाने पुस्तकातलं फक्त आपलं रडणं लक्षात ठेवलं, आणि त्याचं माप केलं.

आणि खरी माणसं तर लेनीइतकीही उघड नसतात. आपल्या नात्यागोत्यात असं एखादं भोळं पोर असतंच. त्याची आई त्याला काय शिकवते? मोठ्यांनी विचारलं की 'हो' म्हण. समजलं नाही तरी मान हलव. चारचौघांत हसू होऊ नये म्हणून ती त्याचं उणेपण झाकते, तोही झाकायला शिकतो. दुकानातून दूध आणतो, अंगण झाडतो. त्या मायेपायीच तो बाहेरच्याला 'धड' दिसतो. उद्या हेच पोर पोलिसांपुढे बसलं तर तिथेही 'हो'च म्हणेल.

बॉबी मूरचं असंच झालं. १९८० साली ह्यूस्टनमधल्या एका दुकानाच्या दरोड्यात त्याच्या हातून वयस्कर कामगाराचा जीव गेला. तेराव्या वर्षी या मुलाला आठवड्याचे वार, महिने, ऋतू कळत नव्हते, घड्याळ वाचता येत नव्हतं. पण तो लोकांची हिरवळ कापायचा आणि पैसे लावून पूल खेळायचा, हे टेक्सासच्या कोर्टाला त्याच्या कुवतीचं लक्षण वाटलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाने ही सात प्रश्नांची रीत मोडीत काढली. विरोधी मत देणाऱ्यांनाही ती रीत मान्य नव्हती. तरी टेक्सासचं कोर्ट अडून बसलं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, तेव्हा कुठे मूरची शिक्षा बदलून जन्मठेप झाली.

मार्विन विल्सनला हे लाभलं नाही. चाचणीत त्याचा बुद्ध्यंक ६१ आला होता. तरी ७ ऑगस्ट २०१२ रोजी टेक्सासने त्याला विषाचं इंजेक्शन दिलं. वडिलांनी निर्माण केलेल्या पात्राचा असा वापर झाल्याबद्दल स्टाइनबेक यांच्या मुलाने, थॉमसने, उघड संताप व्यक्त केला.

मुलाचा संताप रास्तच, पण कादंबरीलाही मी पूर्ण मोकळं सोडणार नाही. लेनीच्या हातून मरणाऱ्या त्या सुनेला लेखकाने नावसुद्धा दिलेलं नाही. आपण लेनीसाठी रडतो, तिच्यासाठी किती? मेलेल्याच्या घरच्यांचं दुःख कमी लेखून दया मागायची, तर ती दया लंगडी. देहदंड नको म्हणणं म्हणजे गुन्हा माफ करा म्हणणं नव्हे.

दुसरं, जॉर्जची गोळी. आधी म्हाताऱ्या कँडीचा कुत्रा ज्या पिस्तुलाने मारला जातो, त्याच पिस्तुलाने लेनी मरतो, आणि आपल्याला ती माया वाटते. लेनीला कोंडून ठेवावं का, हा प्रश्न निघतो, पण स्लिम एका वाक्यात तो मिटवतो. पिंजऱ्यात ठेवण्यात काय अर्थ, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जगू द्यायचा जो एक रस्ता होता, त्यावर कथा थांबतच नाही. कथेत हे चालतं, तिला शेवट हवा असतो. न्यायाला मात्र त्याच रस्त्यावर थांबावं लागतं. जिवंत ठेवून सांभाळणं खर्चाचं असतं, कंटाळवाणं असतं, त्यात डोळे भरून येण्याजोगं काही नसतं. घरात असं पोर सांभाळणाऱ्या बाईला हे सांगायला नकोच.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. रडूही येऊ द्या. पण ज्याला पाहून आपल्याला रडू येत नाही, अशा माणसाच्या जिवाचा निकाल त्या रडण्यावरून लावू नये, एवढंच.