आहार आणि पौरुष : 'सत्याचे प्रयोग'मधील एक दुर्लक्षित साक्ष

मांसाहार म्हणजे बळ आणि बळ म्हणजे पौरुष, हे समीकरण वसाहतकालीन भारतीय मनात किती खोल रुजले होते, याचा प्रांजळ पुरावा गांधीजींच्या आत्मकथेत सापडतो. १९२५ पासून 'नवजीवन'मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या मूळ गुजराती ग्रंथातील राजकोटचे मांसाहाराचे प्रसंग बहुधा असत्य आणि पश्चात्ताप यांची कथा म्हणून वाचले जातात. त्यांत पौरुषाची एक चिकित्साही दडलेली आहे.

इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात, ही धारणा तेथील शाळकरी मुलांत रूढ होती. धावण्यात आणि उडी मारण्यात तरबेज असलेला मित्र हा तिचा चालताबोलता दाखला. अंधार, चोर, भुते आणि सर्प यांना भिणारा निवेदक आपल्या भित्रेपणाचे कारण ताटात शोधू लागतो.

मात्र याच कथनात एक विसंवादी तपशील आहे. शेजारी निजलेल्या पत्नीला सापाचे वा भुतांचे भय नव्हते. ती अंधारात कोठेही जाऊ शके. तिच्याही ताटात त्याच वैष्णव घरातील अन्न होते. धैर्याचा उगम मांसात नाही, याची साक्ष अशी घरातच होती. निवेदक ती नोंदवतो, लज्जितही होतो. परंतु तिच्या आधारे आपला समज तपासून पाहत नाही. पौरुषाच्या विचारात स्त्रीचे धैर्य पुरावा म्हणून ग्राह्यच धरले जात नाही.

पुढे मांसाहार सुटतो, तो आईवडिलांशी खोटे बोलावे लागते म्हणून. मूळ समज अबाधितच राहतो. १८८८ मध्ये लंडनला गेल्यावर हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यानंतर शाकाहार हा केवळ आईला दिलेला शब्द न राहता स्वतःची निवड होतो. कालांतराने जिभेवरील संयम हेच सामर्थ्य ठरते. समीकरणातील एक पद बदलले. ताटावरून माणसाचे मोल ठरवण्याची रीत मात्र टिकली.

ही रीत कोणाला वगळते, हे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) शेजारी ठेवले की स्पष्ट होते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या या पुस्तकात मांस हे शौर्याचे साधन नाही, त्यागण्याची वस्तूही नाही. ते जातिव्यवस्थेने वाट्याला आलेले आणि कौशल्याने रांधलेले अन्न आहे. आहारातून पौरुष सिद्ध करण्याची मुभा मुळात निवड हाती असणाऱ्यालाच असते. आत्मकथेतील त्या निर्भय पत्नीची साक्ष आज पुन्हा वाचायची, ती यासाठी.