मंटोची कथा आणि गळ्यातली पाटी

सआदत हसन मंटो म्हटले की मराठी वाचकाला 'टोबा टेक सिंग' आठवते. आठवावीच अशी ती कथा आहे. पण ती फाळणीची कथा म्हणून वाचली जाते आणि फाळणीबरोबरच मागे टाकली जाते. मंटोच्या 'टिटवाल का कुत्ता' या अफसान्याला तसे मागे टाकता येत नाही. 1948 मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेलेला आणि 1955 मध्ये वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी तिथेच वारलेला हा लेखक या कथेत दंगलींविषयी बोलत नाही. दंगली शमल्यावर जी बंदुकीची सरहद्द उभी राहिली, तिच्याविषयी बोलतो. ती सरहद्द आजही आहे, म्हणून ही कथाही आजची आहे, असे आमचे मत आहे.

कथानक अगदी छोटे आहे. काश्मीरच्या डोंगरात समोरासमोर दोन मोर्चे आहेत. एका बाजूला जमादार हरनाम सिंग, दुसऱ्या बाजूला सुभेदार हिंमत खान. दोन्हीकडचे जवान कंटाळलेले आहेत. लढाई थांबलेली नाही आणि पुढेही सरकत नाही. एक भटका कुत्रा भारतीय मोर्चावर येतो. त्याचे लाड होतात, त्याला नाव मिळते आणि तो हिंदुस्थानी असल्याचे लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्या गळ्यात बांधला जातो. कुत्रा पलीकडे जातो. तिथे त्याला पाकिस्तानी ठरवणारा मजकूर मिळतो आणि परत पाठवले जाते. मग दोन्ही बाजूंनी त्याच्या आगेमागे गोळ्या सुटतात. जनावर घाबरून इकडून तिकडे पळते. जवानांना मौज वाटते. शेवटी ते मारले जाते. त्याच्या मरणाला एक बाजू शहादत म्हणते, दुसरी हेटाळणी करते.

मंटोचे मोठेपण असे की, त्याने जवानांना राक्षस केले नाही. ते गाणी म्हणणारी, भूक लागणारी साधी माणसे आहेत. क्रौर्य त्यांच्या स्वभावात नाही; ते मोर्चाच्या रचनेत आहे. बंदूक रोखून माणसाला महिनोन्‌महिने बसवले की समोर येणाऱ्या प्रत्येक जिवाला तो एकच प्रश्न विचारतो : तू कुणाचा? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या गळ्यात दुसरेच कुणी पाटी बांधते.

तरीही या कथेत एक उणीव आम्हांस जाणवते. टिटवाल हे किशनगंगेच्या काठचे वसलेले गाव. कथेत डोंगर आहे, फुले आहेत, जवान आहेत. गावकरी मात्र नाहीत. रूपकासाठी कुत्रा पुरतो, पण सरहद्दीवर शेती करणारा, गुरे राखणारा, मुलांना शिकवणारा माणूस कथेबाहेरच राहतो.

त्याला आपण इतिहासात शोधू. 7 मे 2025 रोजी पलीकडून पुंछवर तोफगोळे पडले. मेलेल्यांत शीख होते, मुसलमान होते, शाळकरी मुले होती. त्यांत मदरशात शिकवणारे एक उस्तादही होते. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवले. पोलिसांनी लगेच खंडन केले. जूनमध्ये पुंछच्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. गोळा एका देशाचा, पाटी दुसऱ्या देशाची. मंटोला याहून वेगळे काय सांगायचे होते?

आणि सरहद्द फक्त काश्मीरात आहे असे मराठी माणसाने समजू नये. पालघर, डहाणू, तलासरीचे आदिवासी आणि मच्छीमार गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकचा वाद सुटलेला नाही, म्हणून तिथून पुढची समुद्रातली रेषाही ठरलेली नाही. पाण्यावर ती दिसत तर नाहीच. 6 नोव्हेंबर 2021 रोजी पाकिस्तानी गस्ती नौकेच्या गोळीबारात पालघरचा एक खलाशी ठार झाला. मार्च 2024 मध्ये डहाणूचा एक आदिवासी मच्छीमार कराचीच्या तुरुंगात वारला. मृतदेह घरी यायला दीड महिना लागला. आपल्या तुरुंगांतही पलीकडचे मच्छीमार आहेत. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीत नाव येते, माणूस येत नाही.

यावर एक आक्षेप येईल. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 निरपराध मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. अशा वेळी दोन मोर्चे एकाच तराजूत कसे तोलायचे? आक्षेप रास्त आहे. मारेकऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु डहाणूच्या खलाशाने कुणाला मारले होते? पुंछच्या उस्तादांनी? मंटो दोन देशांना एका मापाने मोजत नाही. सरहद्दीवर मरणाऱ्याला तो दोन्हीकडे सारखाच मोजतो.

आपल्याकडे सरहद्दीवरची कविता बहुधा ध्वज आणि शौर्य यांच्यापाशी थांबते. मुस्लिम लेखकाकडून तर तिची अपेक्षा जरा जास्तच असते. निष्ठेचा दाखला म्हणून लिहिलेली ओळ ही गळ्यात बांधून घेतलेली पाटीच असते. तिच्यातून साहित्य निपजत नाही. कन्हानकाठच्या आमच्या खाप्याहून सरहद्द फार दूर आहे. म्हणूनच इथे तिच्याविषयी मोठ्या आवाजात बोलणे सोपे जाते.

'टिटवाल का कुत्ता' उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या नववी-दहावीच्या वर्गांत वाचली जावी, असे आम्हांस वाटते. मुले नक्की विचारतील, कुत्रा खरा कुणाचा होता? शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. त्याला भाकरी दोन्हीकडे मिळाली होती, एवढे मात्र दाखवून द्यावे.