मेरुरज्जूची इजा आणि श्वसनस्नायूंच्या बळाचे मोजमाप

मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या श्वसनस्नायूंचे बळ किती उरले आहे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ मोजणीचा वाटतो. रुग्णाने नळीतून सर्व शक्तीनिशी श्वास ओढावा, नंतर तितक्याच जोराने फुंकावे, आणि दाबमापकावरील आकडा टिपून घ्यावा. परंतु असा मिळालेला आकडा तोंडाशी निर्माण झालेल्या दाबाचा असतो. स्नायूंच्या बळाचा नव्हे. या दोहोंतील भेद निरोगी माणसात फारसा बाधत नाही. मानेच्या भागात इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तो उपेक्षून चालत नाही.

ही पद्धत रूढ होण्यास लिओ ब्लॅक आणि रॉबर्ट हायट यांचा १९६९ सालचा निबंध मुख्यतः कारणीभूत झाला. वय व लिंग यांनुसार निरोगी व्यक्तींची प्रमाणे त्यात निश्चित केलेली आहेत. १९७१ मध्ये त्यांनी हीच कसोटी चेता-स्नायूंच्या विकारांना लावली. पुढे २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी व युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी संयुक्त निवेदनाद्वारे तिचे नियम बांधून दिले: गालांच्या स्नायूंचा दाब मोजणीत मिसळू नये म्हणून नळीस सुमारे २ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असावे, दाब निदान एक सेकंद टिकावा, आणि एकमेकांशी जुळणाऱ्या तीन प्रयत्नांतील मोठा आकडा ग्राह्य धरावा. साधी उपकरणे, अल्प खर्च आणि शरीरास कसलीही इजा नाही, हे या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत.

तथापि या प्रमाणांच्या मुळाशी एक गृहीत आहे. श्वास ओढण्याची कसोटी फुप्फुसे शक्य तितकी रिकामी करून, आणि फुंकण्याची कसोटी ती पूर्ण भरून घेतली जाते. रिकाम्या स्थितीत छातीचा पिंजरा स्वभावतःच बाहेर उसळू पाहतो व पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंतच्या दाबाची भर घालतो. भरलेल्या स्थितीत आत आवळण्याच्या ओढीने ४० सेंटिमीटरपर्यंतची भर पडते. ही भर सर्व निरोगी माणसांत जवळजवळ सारखी असल्याने तुलनेस बाध येत नाही. परंतु मध्यपटलाचे नियंत्रण मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या खंडांतून होते, तर पोटाच्या स्नायूंचे छातीच्या खालच्या खंडांतून. सहाव्या मानखंडाशी इजा झाली, तर मध्यपटल वाचते. पोटाचे स्नायू निकामी होतात. असा रुग्ण छाती पूर्ण रिती करू शकत नाही आणि पूर्ण भरूही शकत नाही. म्हणजे त्याची कसोटी निराळ्याच आकारमानावर घेतली जाते. पिंजऱ्याचे साहाय्य घटते, मध्यपटलाचे तंतूही आरंभीच आखूड झालेले असतात. आकडा घटतो, पण त्यातील किती घट बळाची आणि किती आकारमानाची, हे तो आकडा सांगत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. पोटाचे स्नायू पूर्ण निकामी असताही अशा रुग्णांच्या फुंकण्याचा दाब शून्य येत नाही. दे त्रॉयर, एस्तेन व हाइलपॉर्न यांनी १९८६ मध्ये याचे कारण दाखविले: छातीवरील मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडाशी जोडलेला भाग वरच्या बरगड्या खाली ओढतो आणि उच्छ्वास घडवून आणतो. एरवी हाताच्या हालचालींसाठी ओळखला जाणारा हा स्नायू येथे श्वसनाचे काम करतो. म्हणून 'उच्छ्वासाच्या स्नायूंचे बळ' या एकाच नावाखाली निरोगी माणसात एक वस्तू मोजली जाते, आणि या रुग्णात निराळीच. निरोगी माणसाच्या प्रमाणाशी काढलेली टक्केवारी अशा वेळी अंकगणित म्हणून बरोबर असूनही अर्थाने भ्रामक ठरते.

तिसरी गोष्ट शरीरस्थितीची. निरोगी माणसाची श्वासधारणा आडवे पडल्यावर किंचित घटते. मानेची इजा झालेल्याची बहुधा वाढते. बसल्यावर सैल पोटातील अवयव खाली ओघळतात आणि मध्यपटल सपाट होते. शिवाय ज्याची बोटे निर्बल आहेत, त्याला नळी ओठांशी घट्ट धरता येत नाही. ती दुसऱ्याने धरावी लागते, आणि हवा निसटली की रुग्णाच्या पदरी नसलेला दुबळेपणा पडतो.

यावरून ही कसोटी टाकाऊ ठरते काय? तसे मुळीच नाही. श्वास ओढण्याचा दाब पुरुषात ८० सेंटिमीटरपर्यंत पोचला, तर त्या स्नायूंच्या लक्षणीय दुर्बलतेची शंका उरत नाही. एकाच रुग्णाची, एकाच स्थितीत, ठराविक काळाने केलेली मोजणीही सुधारणा अथवा घसरण विश्वसनीयपणे दाखवू शकते. दोष मोजणीत नसून अल्प आकड्यावरून मोठा निष्कर्ष काढण्यात आहे.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न नव्हे. या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत न्यूमोनिया आहे, आणि त्याला आवर घालणारी गोष्ट म्हणजे कफ बाहेर टाकणारा खोकला. श्वास ओढण्याचा समाधानकारक आकडा पाहून जो चिकित्सक निश्चिंत होईल, त्याला खोकल्याची असमर्थता दिसणारच नाही. खोकल्याच्या प्रवाहाचा वेग मिनिटाला १६० लिटरपेक्षा कमी असल्यास कफ निघणे कठीण, हा निकष कृत्रिम श्वसनमार्ग काढण्याच्या संदर्भात मान्यता पावलेला आहे. तेव्हा दाबाच्या आकड्याशेजारी इजेची पातळी, शरीरस्थिती, त्या वेळचे फुप्फुसांचे आकारमान आणि खोकल्याचा वेग या चार नोंदी असाव्यात. त्यांच्यावाचून छापलेल्या सरासऱ्या परस्परांशी ताडून पाहणे योग्य ठरणार नाही.