पाटाचा इतिहास आणि पहिलेपणाचा हक्क

एखाद्या संस्थेचा इतिहास तिच्याच माणसानें लिहावयास घेतला म्हणजे त्यांत बहुधा संस्थापक सारे थोर ठरतात आणि जमाखर्चाच्या वह्या कपाटांतच राहतात. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत ग्रीली नांवाचें गांव आहे. त्याचा व त्याच्या पाटांचा जो इतिहास डेव्हिड बॉइड यानें १८९० सालीं प्रसिद्ध केला, तो या सामान्य दोषापासून बराच अलिप्त आहे. बॉइड हा वसाहतींतलाच एक. पण पाण्याचा हिशेब जाणणारा. म्हणूनच त्याच्या विवेचनांत जो अधिक खोल दोष राहून गेला आहे, त्याचा विचार करणें अगत्याचें वाटतें.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ पत्राचा शेतकीविषयक संपादक नेथन मीकर यानें डिसेंबर १८६९ मध्यें त्याच पत्रांतून वसाहतीसाठीं हांक दिली. मुख्य संपादक होरेस ग्रीली हा तिचा खजिनदार झाला, आणि गांवाला नांवहि त्याचेंच मिळालें. प्रत्येक सभासदानें १५५ डॉलर भरावयाचे, दारूला कायमचा मज्जाव, जमीन ज्याची त्याची परंतु पाण्याची सोय समाईक, असा करार होता. १८७० सालीं ही मंडळी कॅश ला पूडर नदीच्या कांठीं उतरली. तेथें पाऊस वर्षाकांठीं १५ इंचांच्या आसपास. आणि आभाळाच्या भरंवशावर शेती करणाऱ्या पूर्वेकडील या सुशिक्षितांना पाटाची विद्या ठाऊक नव्हती. चार पाटांची योजना झाली. गांवासाठीं तिसऱ्या क्रमांकाचा आणि नदीपलीकडील शेतांसाठीं दुसऱ्या क्रमांकाचा असे दोन पाट निघाले. दोन्ही अपुरे पडले, पुनःपुन्हां रुंद करावे लागले, आणि खर्च मूळ अंदाजाच्या किती तरी पटींनीं वाढला.

हा भाग लिहितांना बॉइडची लेखणी रंगते. विल्यम स्माइद यानें १९०० सालच्या आपल्या प्रचारग्रंथांत ग्रीलीला सहकाराचा आदर्श म्हणून मखरांत बसविलें. बॉइड मखर उभारीत नाहीं. पाण्याला उतार किती लागतो आणि एका शेताला पाणी किती पुरतें, हें तो अनुभवानें जाणतो. पुढें १८९७ सालीं अमेरिकेच्या भूस्तरखात्यासाठीं ग्रीलीच्या सिंचनावर स्वतंत्र अहवाल लिहिणारा हा मनुष्य होता, हें येथें ध्यानांत ठेवावें. चुकांचा असा प्रांजळ जबाब अशा इतिहासांत विरळाच आढळतो.

ग्रंथाची खरी कसोटी मात्र १८७४ च्या दुष्काळापाशीं लागते. नदीच्या वरच्या अंगाला १८७२ मध्यें फोर्ट कॉलिन्सची वसाहत झाली होती. तिच्या पाटांनीं पाणी उचललें आणि खालीं ग्रीलीचीं पिकें करपूं लागलीं. जुलैमध्यें दोन्ही पक्ष एका शाळेंत जमले. शब्द इतके तापले कीं बंदुकांची भाषा निघाली. अखेर तडजोड झाली, पाऊस पडला व प्रसंग टळला. पुढील अभ्यासक या सभेचें वर्णन करितात तें बहुधा बॉइडच्याच आधारानें. ग्रीलीकरांचें म्हणणें एकच होतें: आम्हीं आधीं पाणी घेतलें, म्हणून आधीं आमचा हक्क. हेंच तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेंत शिरलें, आणि १८७९ व १८८१ च्या कायद्यांनीं त्याच्या अंमलबजावणीची व्यवस्था लाविली. १८८२ सालीं लेफ्ट हँड डिच कंपनी या पाटकंपनीच्या खटल्यांत त्यावर उच्च न्यायपीठाची मोहोर उमटली. कंपनीनें सेंट व्रेन नदीचें पाणी दुसऱ्या ओढ्याच्या खोऱ्यांत नेलें होतें, आणि दुष्काळांत कांठच्या शेतकऱ्यांनीं तिचा बांध फोडला होता. निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. कांठावर जमीन असणें हा हक्क नव्हे, पाणी वळवून प्रथम उपयोगांत आणणें हा हक्क, असें ठरलें.

आमचा आक्षेप आहे तो या ‘प्रथम’ शब्दावर. ग्रीलीच्या आधीं, १८६० नंतरच्या दहा वर्षांत, पूडरच्या कांठीं कांहीं शेतकऱ्यांनीं लहान पाट काढलेच होते. राज्याच्या दक्षिण भागांत सॅन लुइस येथें स्पॅनिश भाषिक गांवकऱ्यांचा समाईक पाट १८५२ पासून वाहत आहे. आणि या सर्वांच्या आधीं या मैदानावर अरापाहो व शायेन लोक राहत होते. १८६१ च्या तहानें त्यांची भूमि आक्रसली, १८६४ मध्यें सँड क्रीक येथें त्यांची कत्तल झाली, १८६७ च्या तहानें त्यांना दूर दक्षिणेस धाडलें. अवघ्या तीन वर्षांनीं ‘आम्हीं पहिले’ म्हणणारे तेथें येऊन पोंचले. कायद्याचें घड्याळ पहिल्या कुदळीच्या घावाबरोबर सुरू झालें. ज्यांनीं नदी वापरली पण वळविली नाहीं, त्यांची वेळ त्यावर उमटलीच नाहीं. पाटाचा हक्क सांगतांना बॉइड हेंच घड्याळ निमूट स्वीकारतो.

डेव्हिड शोर यांनीं २०१२ सालच्या ग्रंथांत या तत्त्वाची कैफियत मांडली आहे. कांठची जमीन अडवून बसणाऱ्या धनिकांपासून सामान्य शेतकऱ्याला वांचविणें हा त्याचा हेतु होता, असें ते म्हणतात. यांत बरेंच तथ्य आहे. परंतु जो न्याय शेजाऱ्याच्या बाबतींत इतका काटेकोर, तो हुसकावलेल्याच्या बाबतींत मुका कां, याचें उत्तर त्यानें मिळत नाहीं. अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें १९०८ सालीं मोंटाना राज्यांतील एका खटल्यांत आदिवासींच्या राखीव भूमीला पाण्याचा हक्क आहे, मग त्यांनीं पाट काढलेला असो वा नसो, असें मान्य केलें. पण पूडरच्या कांठीं असा दावा सांगण्यास कोणी उरूंच दिलें नव्हतें.

ही केवळ जुन्या कागदांची चर्चा नव्हे. या भागांतील पाटकंपन्यांचे भाग आज वाढतीं शहरें विकत घेत आहेत, आणि पाण्याचें मोल ठरतें तें त्याच्या हक्काच्या तारखेवरून. तारीख जितकी जुनी, तितकें पाणी खात्रीचें. म्हणजे बॉइडनें लिहिला तो इतिहास खरोखर एक खरेदीखत आहे. तो अवश्य वाचावा, श्रमाच्या व चुकांच्या प्रामाणिक नोंदीबद्दल त्याचा आदरहि करावा. मात्र कोणतेंहि खत वाचतांना मागील मालक कोण, हें जसें आपण आधीं पाहतों, तसेंच येथेंहि पाहावें.