राजकीय जाहीरनामे आणि सांकेतिक भाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना

निवडणूक जाहीरनामा हे पक्षाने मतदारास दिलेले लेखी वचन असते. ते कोणत्या शब्दांत दिले आहे यावरून पक्ष त्या मतदाराकडे कसा पाहतो, हेही स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेत भारतातील २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींपैकी ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद श्रवणविषयक दिव्यांगत्वाखाली झाली. या सर्वच व्यक्ती सांकेतिक भाषा वापरतात असे नाही. परंतु त्यांतील ज्यांचा विचारव्यवहार या भाषेतून चालतो, त्यांना राजकीय पक्ष नेमके काय देऊ करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाभार्थी की भाषिक समूह?

कर्णबधिर मतदाराचा उल्लेख जाहीरनाम्यात सामान्यतः ‘दिव्यांग कल्याण’ या सदराखाली येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने प्रधानमंत्री आवास योजनेत दिव्यांगांना प्राधान्य देण्याचे आश्वासन दिले. अशी आश्वासने उपयुक्त असली, तरी ती सर्व दिव्यांगांना एकाच मापाने मोजतात. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीची अडचण उतार बांधल्याने बऱ्याच अंशी दूर होते. कर्णबधिर व्यक्तीची अडचण भाषेची आहे. ती शाळेत, न्यायालयात, रुग्णालयात आणि सभामंडपातही कायम राहते.

त्याच निवडणुकीत काँग्रेस पक्षाने ब्रेल लिपी आणि सांकेतिक भाषा यांना भाषा म्हणून मान्यता देण्याचे वचन दिले. कल्याणाकडून भाषेकडे वळणारे हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि या वाक्यात एक तात्त्विक गोंधळ आहे. ब्रेल ही लिपी आहे. मराठी, हिंदी वा इंग्रजी मजकूर तीत लिहिता येतो. भारतीय सांकेतिक भाषा मात्र स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. ती मराठीचे वा हिंदीचे हातवाऱ्यांतील रूपांतर नव्हे. दोहोंना एका वाक्यात बसवताना भाषिक प्रश्न पुन्हा ‘साधनां’च्या यादीत जाऊन पडतो. शिवाय ही मान्यता आठव्या अनुसूचीद्वारे, स्वतंत्र कायद्याने की प्रशासकीय आदेशाने द्यायची, हे त्या वाक्यातून उमगत नाही.

मान्यतेचा अर्थ

परदेशांतील अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. न्यूझीलंडने २००६ च्या कायद्याने तेथील सांकेतिक भाषेस अधिकृत भाषेचा दर्जा दिला आणि न्यायालयीन कामकाजात ती वापरण्याचा हक्कही दिला. ब्रिटनमधील २०२२ च्या कायद्याने ब्रिटिश सांकेतिक भाषेस भाषा म्हणून मान्यता दिली. परंतु त्याचा मुख्य भर शासकीय खात्यांनी या भाषेच्या प्रसाराचा अहवाल देण्यावर आहे. व्यक्तीला थेट मागता येईल असा नवा हक्क त्यातून निर्माण झाला नाही. म्हणजेच ‘मान्यता’ या एकाच शब्दात गौरवही सामावतो आणि अधिकारही. जाहीरनाम्यातील मोघमपणामुळे पक्षाला पहिल्यावर भागवून दुसरा टाळण्याची मुभा मिळते.

आश्वासन आणि अंमलबजावणी

भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २०१०-११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात या केंद्राची घोषणा झाली. २०११ मध्ये ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात सुरू झाले, पण २०१३ मध्ये तेथील काम थांबले. एप्रिल २०१५ मध्ये ते मुंबईस्थित अली यावर जंग संस्थेच्या दिल्ली येथील प्रादेशिक केंद्रात विलीन करण्याचा आदेश निघाला. दोन्ही संस्थांची उद्दिष्टे भिन्न असल्याचे सांगून कर्णबधिर समाजाने त्यास विरोध केला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने स्वतंत्र केंद्रास मंजुरी दिली. २०१८ मध्ये ३,००० शब्दांनिशी प्रकाशित झालेला या केंद्राचा शब्दकोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर पोहोचला. या काळात केंद्रात दोन भिन्न आघाड्यांची सरकारे होती. त्यामुळे श्रेय वा दोष एका पक्षाच्या पदरी टाकता येत नाही. निर्णय फिरला तो संघटित समाजाच्या आग्रहामुळे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ११ नुसार निवडणूक प्रक्रियेचे सर्व साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असे असणे अभिप्रेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ‘मुका’, ‘बहिरा’ अशा अर्थाचे शब्द अवमानकारक रीतीने न वापरण्याची आणि पक्षांचे संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येईल असे ठेवण्याची सूचना राजकीय पक्षांना केली. शब्द टाळणे हा शिष्टाचार झाला. त्या मतदाराशी त्याच्या भाषेत बोलणे ही त्यापुढची पायरी आहे.

निष्कर्ष

मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेचा सन्मान हा राजकीय इच्छाशक्तीचाही विषय असतो, याचा प्रत्यय महाराष्ट्रास आला. सांकेतिक भाषेच्या वाट्याला ती इच्छाशक्ती अद्याप तुटपुंजीच आली आहे. पक्षांच्या वचनांची पारख करताना तीन प्रश्न विचारावे लागतील : मान्यता कोणत्या कायद्याने मिळणार? दुभाषे आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक किती काळात घडवले जाणार? आणि हे वचन ज्याला दिले आहे, त्याला ते त्याच्या भाषेत पाहता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सत्तेवर येण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच पक्षांच्या प्रामाणिकपणाची पहिली कसोटी तेथेच लागते.